एकास चोवीस

गल्लीतल्या कुठल्याही गॅरेजवर ‘डेंटिंग-पेंटिंग’ अशी पाटी दिसते. आत काय चालते हे पाच मिनिटे थांबून पाहिले तरी कळते. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, उरलेल्या खळग्यात लांबी भरायची, ती वाळली की वॉटरपेपर पाण्यात बुडवून घासायचा, अस्तराचा हात द्यायचा, मग बंदुकीने रंग आणि सरतेशेवटी रबिंग. नेमके हेच काम, याच क्रमाने, घरातल्या टेबलावर दिव्याखाली बसून, तळहातावर मावणाऱ्या मोटारीवर करणारी माणसे जगभर आहेत. त्यांच्या मोटारीला इंजिन असते, पण ते सुरू होत नाही. दारे असतात, पण त्यांतून कोणी आत बसत नाही. अशा मोटारीच्या छपरावरचा एक ओरखडा काढण्यासाठी हे लोक आख्खा रविवार घालवतात आणि तो फुकट गेला असे त्यांना वाटत नाही.

या छंदाकडे ‘मोठ्यांचा खेळ’ म्हणून हसून पाहण्याची आपली रीत आहे. हसायला हरकत नाही. पण हसून झाल्यावर त्यातले गणित जरा पाहावे. कारण छोटी मोटार करणे म्हणजे मोठी मोटार लहान करणे, अशी आपली समजूत असते आणि ती चुकीची आहे.

मोटारींच्या नमुन्यांमध्ये सर्वांत रूढ प्रमाण एकास चोवीस. खऱ्या गाडीवरचे चोवीस सेंटिमीटर म्हणजे नमुन्यावरचा एक सेंटिमीटर. इंग्रजी मापात सांगायचे तर एका फुटाला अर्धा इंच. हे प्रमाण आले तेच या सोयीतून. अमेरिकी कंपन्यांनी एकास पंचवीस धरले. एकास त्रेचाळीस हे विचित्र दिसणारे प्रमाण खेळण्यातल्या आगगाडीकडून आले. तिथे एका फुटाला सात मिलिमीटर धरत. आपली ॲम्बेसिडर सुमारे ४.३ मीटर लांब होती. चोवीसने भागले की अठरा सेंटिमीटर उरतात. प्रीमियर पद्मिनी सोळा-साडेसोळा सेंटिमीटरची होते.

लांबी-रुंदी भागता येते. जाडी भागता येत नाही. मोटारीचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतो. त्याला चोवीसने भागले तर कागदाहून पातळ पापुद्रा हवा. प्लास्टिक साच्यात ओतायचे तर ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड ठेवावेच लागते. म्हणजे खऱ्या प्रमाणात ही मोटार छत्तीस मिलिमीटर जाडीच्या पोलादाची झाली! मोटार कसली, रणगाडाच तो. म्हणून जाणकार कारागीर काय करतो, तर चाकांवरच्या कमानींच्या कडा आतल्या बाजूने गोल कानशीने तासून पातळ करतो. सगळा पत्रा पातळ करायची गरज नसते. डोळा जाडी मोजतो ती कडेवर. कड पातळ दिसली की उरलेली मोटार पातळ आहे असे तो स्वतःच धरून चालतो. या छंदातले निम्मे कसब अशा ठिकाणी आहे. कुठे खरे असायला हवे आणि कुठे नुसते खरे दिसले तरी चालेल, हे ठरवण्यात.

डेट्रॉइट ते शिझुओका

हा छंद मोटारींच्या कारखान्यांच्या सावलीत वाढला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० मध्ये किशोरवयीन मुलांसाठी कारागिरीची एक स्पर्धा सुरू केली. आरंभी नेपोलियनच्या काळातल्या राजेशाही घोडागाडीचा नमुना करावा लागे. पुढे मुलांनी स्वतःच्या कल्पनेतली मोटार लाकडात किंवा प्लास्टरमध्ये घडवून, रंगवून पाठवायची अशी प्रथा पडली. १९६८ पर्यंत ती चालली. बक्षीस म्हणून कॉलेजच्या शिक्षणाचे पैसे मिळत. १९४७ चा एक विजेता चक जॉर्डन हा पुढे जनरल मोटर्सच्या संपूर्ण डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. पोराने कानस हातात धरली म्हणून त्याचे वाया जाणे ठरलेले आहे, असे मानणाऱ्या पालकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवायला हरकत नाही.

याच काळात मोटारविक्रेत्यांच्या टेबलावर प्लास्टिकच्या छोट्या गाड्या दिसू लागल्या होत्या. नव्या वर्षाचे मॉडेल कसे दिसते, रंग कोणते मिळतात, हे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी त्या केलेल्या असत. एएमटी ही मिशिगन राज्यातली कंपनी त्या बनवी. सुरुवातीचे ॲसिटेट प्लास्टिक काही वर्षांत वाकडे होई. जुन्या संग्राहकांकडे आजही केळ्यासारख्या वाकलेल्या गाड्या सापडतात. मग पॉलिस्टायरीन आले आणि आकार टिकू लागला. १९५८ मध्ये एएमटीने गाडी जोडलेली न देता सुट्या भागांचा डबा विकायला काढला. एकाच डब्यात तीन प्रकार: कारखान्यातून निघालेली जशीच्या तशी, हौसेने बदललेली, नाहीतर शर्यतीची. या तिसऱ्या-चौथ्या बंपरांनी, जादा चाकांनी आणि जाळ्यांनी मुलांना एक गोष्ट शिकवली. डब्यावरचे चित्र ही आज्ञा नसते. छप्पर कापून खाली बसवता येते, एका गाडीचे नाक दुसरीला लावता येते, मधली फट लांबी भरून बुजवता येते.

काटेकोरपणा आला तो जपानमधून. शिझुओका शहरातली तामिया ही मुळात लाकडाची वखार, १९४६ मध्ये सुरू झालेली. लाकडी नमुन्यांचा धंदा बसत चालला तेव्हा तिने १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेचे पहिले प्लास्टिक किट काढले. पुढे मोटारींकडे वळल्यावर या कंपनीने जे केले ते दंतकथेसारखे सांगितले जाते, पण ते खरे आहे. १९७६ च्या पोर्शे ९३४ या किटसाठी कंपनीच्या शुन्साकु तामिया यांना फोटो आणि आराखडे अपुरे वाटले. म्हणून त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करवली आणि भागन् भाग मोजला. शुन्साकु २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. जपानमधली बहुतांश प्लास्टिक किटे आजही शिझुओका परिसरातच तयार होतात.

कानस, करवत आणि साचा

किटचा डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटीला फांद्यांवर फळे लागावीत तसे भाग लागलेले दिसतात. ते पिळून तोडायचे नसतात. धारदार कटरने जरा दूरवर कापून, उरलेला कोंब चाकूने उतरवायचा असतो. मग नजर शिकवावी लागते. पोलादी साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लास्टिकवर केसासारखी रेघ उमटते. मोटारीच्या अंगावर ती बहुधा पुढच्या मडगार्डवरून, खिडकीच्या खांबावरून मागपर्यंत जाते. न रंगवलेल्या प्लास्टिकवर ती सहसा दिसत नाही. चकचकीत रंग चढला की मात्र पहिली तीच दिसते. जाड भागांपाशी प्लास्टिक थंड होताना आत ओढले जाते आणि उथळ खळगा पडतो. या दोन्ही गोष्टी बोटाला आधी कळतात, डोळ्याला नंतर. म्हणून सराईत माणूस गाडी डोळे मिटून चाचपतो.

प्लास्टिक जोडायला जे पातळ सिमेंट मिळते तो खरे म्हणजे डिंक नव्हेच. ते द्रावक असते. दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते आणि उडून जाते. नीट जमले तर तिथे सांधा राहत नाही, वेल्डिंग झालेले असते.

रेझिनचे तंत्र निराळे. पोलादी साचा कोरायला एवढा पैसा लागतो की हजारो डबे खपल्याशिवाय तो वसूल होत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या फेरारी काढतात, पोर्शे काढतात, शर्यती जिंकलेल्या गाड्या काढतात. टपाल वाटणारी व्हॅन, सरकारी जीप किंवा टॅक्सी यांचा नंबर क्वचित लागतो. ती उणीव भरून काढतो तो घरातल्या खोलीत बसून रेझिन ओतणारा एकटा माणूस. तो आधी मूळ नमुना हाताने घडवतो: प्लास्टिकच्या पट्ट्या, लांबी, तारेचे तुकडे, दुसऱ्या किटचे उरलेले भाग. मग त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करतो. त्या साच्यात दोन पातळ द्रव मिसळून ओतले की काही मिनिटांत पांढरा, कडक पॉलियुरेथेनचा भाग तयार. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रबरी साच्यातून मूर्ती निघताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नव्याने सांगायला नको. तिथेही साच्यातून निघालेली मूर्ती म्हणजे काम संपले असे नसते. सांधे घासायचे असतात, बुडबुड्यांची छिद्रे भरायची असतात आणि डोळ्यांची आखणी व्हायची असते.

सिलिकॉनचा साचा मऊ असतो, म्हणून तो कोपऱ्याखालून अडकलेला भागही सोडतो; आणि मऊ असतो म्हणूनच झिजतो. काही डझन भाग निघाले की त्याच्या कडा फाटू लागतात. आलेला भाग आधी भांडी घासायच्या साबणाने धुवावा लागतो, नाहीतर साच्याला लावलेला तेलकट थर रंगाला बसू देत नाही. वाकलेला बंपर गरम पाण्यात धरला की मऊ होतो आणि सपाट काचेवर दाबून सरळ करता येतो. प्लास्टिकचे सिमेंट रेझिनवर काही करत नाही. तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सीच हवे.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण छंदाच्या भरात ती मागे पडते. रेझिनच्या दोन द्रवांपैकी एकात आयसोसायनेट असते. त्याच्या वाफेने एकदा फुप्फुसे चिडली की दमा कायमचा जडू शकतो. वाळलेल्या रेझिनची कोरडी धूळही नाकात जाण्याजोगी नसते. कापडी रुमाल बांधून भागत नाही. घासताना पाणी, ओतताना आणि फवारताना वाफ अडवणारा मुखवटा आणि वारा बाहेर खेचणारा पंखा, एवढे नसेल तर हे काम घरात, त्यातून लहान मूल असलेल्या घरात, करू नये. गॅरेजमधला रंगारी हे सगळे वर्षानुवर्षे उघड्या नाकाने ओढत असतो. छंद करणाऱ्याला निदान निवड तरी आहे.

या एकट्या कारागिराला आणखी एक भीती असते ती चोरीची. सहा महिने खपून त्याने घडवलेली गाडी कोणीही विकत घेतो, तिच्यावर सिलिकॉन ओततो आणि निम्म्या किमतीत नकला विकतो. कायद्याचे हात एवढ्या बारीक वस्तूपर्यंत सहसा पोचत नाहीत. पण निसर्गाने एक छोटा न्याय केला आहे. रेझिन वाळताना किंचित आकसते. नकलेवरून काढलेली गाडी मुळापेक्षा केसभर लहान भरते, कडा बोथट होतात, बुडबुडे वाढतात. नकलेची नक्कल आणखी लहान. जाणकार मोजपट्टी लावून चोर ओळखतो.

रंगाचा हिशेब

घडण संपली की रंग येतो आणि गणित पुन्हा आडवे येते. कारखान्यातून निघालेल्या खऱ्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात. चोवीसने भागले तर चार-पाच मायक्रॉन. एवढा पातळ रंग कुणालाच मारता येत नाही. अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून ऐंशी मायक्रॉन धरले, तरी प्रमाणात ती जवळजवळ दोन मिलिमीटरची लुगदी होते. आता दारांच्या फटी पाहा. खऱ्या गाडीत फट पाच मिलिमीटरची. नमुन्यात सुमारे दोनशे मायक्रॉन. दोन्ही कडांवर ऐंशी-ऐंशी मायक्रॉन रंग चढला की उरले चाळीस. दार बुजले! म्हणून रंगाआधीच टोकदार हत्याराने त्या रेघा खोल आणि थोड्या रुंद कोरून घ्याव्या लागतात. रंगाला लागणारी जागा आधी सोडून ठेवायची. नंतर त्या फटीत पातळ केलेला काळा-करडा रंग सोडला की दार उघडेल असे वाटू लागते.

चंदेरी-सोनेरी झाक असलेल्या ‘मेटॅलिक’ रंगांची तऱ्हा तर और. खऱ्या मोटारीच्या रंगात ॲल्युमिनियमचे जे कण असतात ते वीस-तीस मायक्रॉनचे. कंपनीचा अस्सल रंग आणून नमुन्यावर मारला, तर त्या प्रमाणात प्रत्येक कण रव्याच्या दाण्याएवढा ठरतो. गाडी खरी वाटण्याऐवजी गौरीच्या मुखवट्यावरची चमकी वाटते. म्हणजे रंग अस्सल आणि दिसणे खोटे. त्यापेक्षा बारीक कणांचा दुसराच रंग मारला तर तो खरा दिसतो. गडद रंगांचेही तसेच आहे. नमुना आपण फूटभर अंतरावरून पाहतो. म्हणजे खरी गाडी चोवीस फुटांवरून पाहिल्यासारखे. मधल्या हवेने, उजेडाने खरा काळा रंग तितका काळा राहत नाही. म्हणून काळ्यात थेंबभर करडा मिसळतात. ज्याने डबीतला काळा जसाच्या तसा मारला त्याची मोटार चोवीस फुटांवरची वाटत नाही. ती टेबलावरची खेळण्यातली मोटारच राहते.

प्रत्यक्ष रंगकाम संयमाचे आहे. रंग दुधाइतका पातळ करायचा, एअरब्रशचा दाब पंधरा-वीस पौंडांच्या आसपास ठेवायचा आणि पहिला हात इतका विरळ द्यायचा की खालचे अस्तर दिसत राहील. आधी प्लास्टिकच्या चमच्यावर फवारून पाहायचे. मोटारीच्या छपराचा बाक चमच्याच्या पाठीवर आयता मिळतो. कोणता रंग कोणावर चालतो याचेही सोवळे-ओवळे आहे. लॅकरवर इनॅमल बसते. वाळलेल्या इनॅमलवर लॅकर मारले की खालचा थर सुरकुततो. प्रखर लॅकर उघड्या प्लास्टिकलाही खाते, म्हणून अस्तर सोडता येत नाही. पिवळा रंग सगळ्यांत हट्टी. करड्या अस्तरावर तो मळका, हिरवट दिसतो. त्याला खाली पांढरे लागते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एक वेगळीच अडचण येते. लॅकरमधले द्रावक झपाट्याने उडते तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि जुलैच्या दमट हवेतली वाफ त्यावर धरते. चकचकीत लाल गाडी ताक शिंपडल्यासारखी पांढुरकी होते. मुंबईत, कोकणात, गोव्यात यावर उपाय दोनच. हळू उडणारे थिनर वापरा, नाहीतर दसऱ्यापर्यंत थांबा.

रंग वाळल्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरबरीत पोत राहते. ती दोन हजार नंबरच्या आणि त्याहूनही बारीक वॉटरपेपरने काढत न्यायची, मग रबिंग. कडांवर हात हलका ठेवायचा, कारण तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि एका जादा घासणीत खालचे अस्तर वर येते. खिडक्यांभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांसाठी चंदेरी रंग कधीच पुरेसा नसतो. तिथे तंबाखूच्या पुडीतल्या चांदीहूनही पातळ, पाठीला गोंद असलेला ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवतात, लाकडी काडीने दाबतात आणि नव्या पात्याने जादा भाग कापतात.

यंत्र आल्यावर

गेल्या काही वर्षांत त्रिमितीय छपाईची यंत्रे घराघरांत परवडू लागली आहेत. अतिनील प्रकाशाने द्रव रेझिनचा एकेक थर घट्ट करत ही यंत्रे संगणकावरची मोटार टेबलावर उभी करतात. थर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याचे. ज्या जाळीसाठी कारागिराला आठवडा लागे ती रात्रीत छापून होते. मग कानशीचे काय? जुन्या माणसांना वाटते की हात संपला. नव्यांना वाटते की कटकट संपली. दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. छापलेल्या छपरावर थरांच्या पायऱ्या राहतातच आणि त्या हातानेच घासाव्या लागतात. न घट्ट झालेले रेझिन कातडीला चिडवते, म्हणून हातमोजे आलेच. रंगाचे गणित तर तसूभरही बदललेले नाही. यंत्राला चोवीसने भागता येते. काय भागायचे नाही, हे त्याला सांगावे लागते.

आणि ते सांगायचे तर गाडी पाहिलेली असावी लागते. इथे हा छंद निव्वळ करमणूक राहत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी काही दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. अशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी होऊन ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. ॲम्बेसिडरचे उत्पादन उत्तरपाड्याला २०१४ मध्येच थांबले होते. एखाददुसरी पद्मिनी कुठल्या संग्रहालयात राहील. पण संग्रहालयातली गाडी धुऊन-पुसून, नवा रंग देऊन ठेवलेली असते. छपरावरचे कॅरिअर किती झुकलेले असे, डावीकडे बाहेर बसवलेल्या मीटरचे पाते कसे पडे, पिवळे छप्पर आणि काळे अंग यांची हद्द नेमकी कुठे होती, बंपरला गंज कुठून धरायला लागे, हे तिथे दिसणार नाही.

ते सगळे माहीत असलेली माणसे अजून आहेत: चालक, मिस्त्री, रंगारी आणि रोज मागच्या सीटवर बसलेले आपण. एखाद्या मुलाने उद्या पद्मिनीचा सोळा सेंटिमीटरचा नमुना करायला घेतला, तर त्याला फोटो पुष्कळ मिळतील. पण मागच्या दाराच्या हँडलपाशी रंग का उडालेला असे, हे त्याला त्यांच्यापैकी कोणाला तरी विचारावेच लागेल. विचारले तर सांगायला वेळ काढावा. त्या उत्तरासाठी लागणारा रंग कुठल्या दुकानात मिळत नाही.